यादीतले नाव आणि दोन गावांची माणसे

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास कानावर येते. “कार्ड हाय की माझ्याकडं, मग मत का न्हाई?” विचारणाऱ्याच्या हातात खरेखुरे इलेक्शन कार्ड असते, त्यावर त्याचाच फोटो असतो. यादीत मात्र नाव नसते. मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो. हा माणूस तोच आहे, एवढेच कार्ड सांगते. कार्ड नसले तर पासपोर्ट, आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेले बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांतले काहीही चालते. यादीत नाव नसले तर काहीच चालत नाही. इतकी साधी गोष्ट पाऊणशे वर्षांत सातारा आणि सांगलीतल्या घराघरांत पक्की बसलेली नाही, आणि याचे कारण लोकांचे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोन ठिकाणी जगत आली आहेत आणि यादी एकच ठिकाण विचारते.

या भागाला मत मिळाले तेच मोठ्या उलथापालथीत. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मत देण्यासाठी जमीन, कर किंवा शिक्षणाची अट होती. पुढे पाच-सहा वर्षांनीच वाळवा, तासगाव, खानापूर, कराडच्या ज्या माणसांनी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागे उभे राहून ब्रिटिशांना समांतर असे प्रतिसरकार चालवले, न्यायनिवाडे केले, त्यांतल्या कित्येकांना सरकारदरबारी मत नव्हते. प्रौढ मताधिकाराच्या पहिल्या याद्यांचे काम १९४८ मध्ये, राज्यघटना लागू होण्याच्या आधीच सुरू झाले. नेमका त्याच सुमारास इथला नकाशा बदलत होता. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. आटपाडीचा माणूस काल औंध संस्थानची रयत होता, आज भारताचा मतदार. नाना पाटील १९५७ मध्ये याच मतदारांच्या जोरावर साताऱ्यातून लोकसभेत गेले.

त्या काळी वय २१ लागे. ओळख पटवायला कागद लागत नसे, गावच ओळख पटवत असे. केंद्रात प्रत्येक उमेदवाराचा प्रतिनिधी बसलेला असे आणि त्याला समोरच्याची भावकी, शिवार, घर सगळे माहीत असे. संशय आला तर प्रतिनिधीने २ रुपये अनामत भरून आक्षेप घ्यायचा, केंद्राध्यक्षाने तिथेच चौकशी करायची, अशी तरतूद १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे आणि ती आजही कायम आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर आपण खरे असल्याचे पटवून ‘प्रदत्त मत’ नोंदवता येते, हेही त्याच नियमांत आहे. ही सोय फार थोड्या मतदारांना ठाऊक असते आणि बहुतेक जण हताश होऊन घरी परततात, याचे मला फार वाईट वाटते.

बायकांच्या नावांची गोष्ट वेगळी. पहिल्या निवडणुकीआधी देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. ती नावे प्रामुख्याने उत्तरेकडच्या राज्यांतली होती. आपल्याकडची अडचण लग्नानंतर सुरू होते. आडनाव बदलते, मधले नाव बदलते, काही घरांत तर पहिले नावही बदलतात. माहेरच्या यादीत एक बाई, सासरच्या रेशनकार्डावर दुसरी आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरी, आणि तिघी एकच. माहेरचे नाव कमी झाले नाही तर ती दुबार ठरते, सासरी चढले नाही तर तिला मतच नाही. हा घोळ निस्तरायला तहसीलला खेटे घालायचे तेही बहुधा तिनेच.

१९८९ मध्ये वय १८ वर आले. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी फोटो ओळखपत्राचा आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर ओळखपत्राशिवाय निवडणुका होणार नाहीत असे बजावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निवडणुका झाल्या. कार्डे हळूहळू घरोघर पोचली. बोगस मतदानाला त्याने चाप बसला, हे मान्यच केले पाहिजे. पण कार्ड हाती आले आणि लोकांचे यादीकडे लक्ष कमी झाले. आपण कोण, याचे उत्तर खिशात आले. आपण कुठले, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न या दोन जिल्ह्यांत सगळ्यात अवघड आहे. पाटण आणि जावळीच्या डोंगरातली माणसे मुंबईच्या गोदीत, बाजारात ओझी उचलायला गेली. पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. कोयनेच्या जलाशयाखाली गावे गेली तेव्हा आणखी माणसे बाहेर पडली, दुसऱ्या जिल्ह्यांत वसली. सांगलीच्या बाजूला विटा, खानापूर, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी पट्ट्यातून तरुण सोने-चांदी गाळण्याच्या कामाला निघाले. आज केरळपासून बंगालपर्यंतच्या सराफ बाजारांत गलाई बांधव आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातून घरोघरचे जवान फौजेत जातात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले.

या सगळ्यांचे घर गावाकडे, देव गावाकडे, यात्रा गावाकडे. पोट दुसरीकडे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातले कलम २० अशा माणसाला दोन गोष्टी सांगते. एखाद्या ठिकाणी घर आहे एवढ्याने माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी उरत नाही, असेही नाही. विट्याचा तरुण बारा वर्षे कोचीत दुकान चालवतो, दिवाळीला आणि यात्रेला येतो, शेताचा वाटा त्याच्या नावावर आहे. तो तात्पुरता बाहेर आहे की कायमचा गेला? कायदा हे वर्षांच्या आकड्यात सांगत नाही, मतदार नोंदणी अधिकाऱ्याने परिस्थिती पाहून ठरवायचे असते. सैनिकांसाठी मात्र वेगळी वाट आहे. त्यांची नोंद सेवा मतदार म्हणून मूळ गावाच्या यादीत होते आणि २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक टपालाने जाते. सेवेत असलेल्या स्त्रीच्या नवऱ्याला हा हक्क २०२१ च्या दुरुस्तीने मिळाला, तोवर तो फक्त ‘पत्नी’ला होता. अपशिंग्याच्या जवानाला जे देता आले, ते माथाड्याला आणि गलाईवाल्याला का देता आले नाही, हा प्रश्न मला न्याय्य वाटतो. निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना मांडला, जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे त्याचे प्रात्यक्षिक ठेवले. पक्षांचा विरोध झाला आणि गाडी तिथेच अडली.

मग लोकांनी आपली वाट काढली. नाव इकडेही, नाव तिकडेही. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्यात १७ एप्रिलला मतदान होते आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात २४ एप्रिलला. मार्चमध्ये नवी मुंबईतल्या माथाडी मेळाव्यात शरद पवारांनी, आधी साताऱ्यात मत द्या आणि मग शाई पुसून इकडेही द्या, अशा आशयाचे उद्गार काढले. ते विनोदाने बोललो असे त्यांनी नंतर स्पष्ट केले, आयोगाने नोटीस काढली. त्या सभेत हशा पिकला, कारण समोर बसलेल्यांना दुहेरी नावांची गोष्ट परिचयाची होती. पण कायदा इथे कडक आहे. कलम १७ प्रमाणे एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. खोटे प्रतिज्ञापन केले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते रद्द ठरतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली, पलूस, वाळवा, मिरज भागातली घरे दिवसचे दिवस कृष्णेच्या पाण्यात होती. कपाटातले कागद लगदा झाले. अडीच महिन्यांत, २१ ऑक्टोबरला, विधानसभेचे मतदान आले. त्या वेळी यादीचे मोल कळले. कार्ड वाहून गेले तरी नाव शाबूत होते, आणि यादीत नाव असलेल्याला दुसरे कार्ड मिळू शकते.

ऑगस्ट २०२२ पासून पद्धत सुटसुटीत झाली. पूर्वी फक्त १ जानेवारी ही अर्हता तारीख होती. २ जानेवारीला १८ पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावे लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि १७ पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. नवी नोंद नमुना ६ वर, नाव कमी करणे नमुना ७ वर, दुरुस्ती, पत्ताबदल आणि बदली कार्ड नमुना ८ वर. लग्न होऊन कडेगावहून कोरेगावला गेलेल्या मुलीला आता नमुना ८ पुरतो, जुन्या ठिकाणचे नाव त्याच अर्जावर कमी होते. अर्ज मात्र वेळेत हवा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची वेळ टळली की त्या निवडणुकीपुरते यादीचे दार बंद होते, आणि लोक जागे होतात ते प्रचाराच्या गाड्या फिरू लागल्यावर.

२०२५ च्या नगरपालिका निवडणुकांआधी राज्यभर दुबार नावांवरून रान उठले. राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापायचे ठरवले. अशा मतदाराने एकच केंद्र निवडायचे, नाहीतर दुसरीकडे मत दिले नसल्याचे हमीपत्र द्यायचे. मला हा उपाय नाव सरसकट उडवण्यापेक्षा पुष्कळ बरा वाटतो. एकाच गावात एकसारखे नाव आणि आडनाव असलेली चार माणसे सहज सापडतात, त्यांतल्या तिघांचा हक्क संगणकाच्या संशयावर जाऊ नये. निवड करण्याची संधी त्या माणसालाच मिळाली पाहिजे. मुंबईत हमाली करून म्हातारपणी पाटणला परतणाऱ्याने आपले मत कुठे ठेवायचे हे त्यानेच ठरवावे, आणि ठरवल्यावर दुसरे नाव नमुना ७ भरून आपल्या हाताने कमी करावे. ते काम केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे (बीएलओ) अर्ज देऊनही होते, मोबाइलवरूनही होते आणि त्याला एक पैसाही लागत नाही.