ऑटिझमचा 'जीन' सापडला का? डीएनए टेस्ट आणि एआयला खरंच काय कळतं

रील्समध्ये दर काही महिन्यांनी एक बातमी फिरते: 'ऑटिझमचा जीन सापडला!' आता एकच जीन असता, तर तो इतक्या वेळा सापडला असता का? त्याच्या मागोमाग 'डीएनए टेस्ट करा', 'एआय स्कॅनने आधीच ओळखा' अशा जाहिराती येतात. घरात उशिरा बोलणारं बाळ असेल, तर घाबरलेले आईबाबा लगेच पैसे भरायला तयार होतात. म्हणून संशोधनात नेमकं काय हाती लागलंय ते बघू.

1943 मध्ये लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, डॉक्टरांसमोर मांडली. पुढे बरीच वर्षं दोष आईच्या माथी मारला जायचा. आई माया लावत नाही म्हणून मूल असं झालं, म्हणे! 1977 मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. हुबेहूब जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. ज्यांचा डीएनए साध्या भावंडांइतकाच जुळतो, अशा 10 जोड्यांत मात्र एकीतही दोघांना नव्हता. सगळ्याच जोड्या एका घरात, एका आईकडे वाढलेल्या. मग फरक कुठून आला? डीएनएमधून.

मग तो जीन कोणता?

आम्ही सॉफ्टवेअरवाले लगेच 'बग कुठल्या ओळीत आहे' असं विचारतो. इथे तशी एक ओळ नाही. 2020 मध्ये 35,000 हून जास्त लोकांचा डीएनए तपासलेला एक मोठा अभ्यास आला. त्यात ऑटिझमशी संबंध असलेले 102 जीन मिळाले. त्यातले बरेचसे दोन कामांत मोडतात. काही जीन इतर जीन्सना चालू-बंद करतात, उदाहरणार्थ सीएचडी8. काही मेंदूच्या पेशी जिथे एकमेकींना सिग्नल देतात त्या जोडणीवर काम करतात. शँक3 हा त्यातलाच. तो जे प्रोटीन बनवतो, ते जोडणीचा सांगाडा धरून ठेवतं.

अशा जीन्समधला मोठा बिघाड कधी कधी आईवडिलांत नसतोच, तो मुलात नव्याने आलेला असतो. पण असा ठळक बिघाड थोड्याच मुलांत सापडतो. बाकीच्यांत अगदी बारीक परिणाम करणारे हजारो फरक एकत्र येतात, आणि तेच फरक ऑटिझम नसलेल्या तुमच्या-माझ्यातही असतात. म्हणून नुसत्या डीएनए रिपोर्टवरून 'ऑटिझम आहे' किंवा 'नाही' असं सांगता येत नाही. ही टेस्ट अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. निदान झाल्यावर डॉक्टर ती सुचवतात, कारण काही बिघाडांसोबत फिट्ससारखे त्रास येतात आणि ते आधी माहीत असलेले बरे.

मेंदूचं बघायचं तर, लहानपणी त्यात गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार होतात आणि वय वाढतं तशा छाटल्या जातात. 2014 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीमने मरणोत्तर दान मिळालेले मेंदू तपासले. ऑटिझम नसलेल्या मुलांत बालपण संपेपर्यंत या जोडण्या जवळपास निम्म्याने कमी झाल्या होत्या, ऑटिझम असलेल्यांत फक्त 16 टक्क्यांनी. पण अभ्यासाला मिळालेले मेंदू मोजकेच होते, त्यामुळे सगळ्यांचं असंच होतं असं नाही म्हणता येणार.

एआयचं काय?

2017 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात बाळांचे 6 आणि 12 महिन्यांचे एमआरआय एका अल्गोरिदमला दिले होते. पुढे दोन वर्षांचं झाल्यावर ज्या 34 मुलांना ऑटिझमचं निदान झालं, त्यातली 30 अल्गोरिदमने आधीच ओळखली होती. निदान न झालेल्या 145 पैकी 7 जणांवर मात्र चुकीचा शिक्का बसला. आकडे भारी आहेत! पण ही सगळी अशी बाळं होती, ज्यांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम आहे. अशा घरांत प्रमाण मुळातच साधारण पाचात एक असतं.

आता तोच अल्गोरिदम कुठल्याही 1000 बाळांवर चालवून बघा. हिशेबासाठी त्यात 10 जणांना ऑटिझम आहे असं धरू. त्यातली 9 सापडतील. पण उरलेल्या 990 पैकी 5 टक्के, म्हणजे जवळपास 50 बाळांनाही 'ऑटिझम' असा रिपोर्ट जाईल. म्हणजे घाबरलेल्या सहा घरांपैकी पाच घरं उगाचच घाबरलेली. अल्गोरिदम तोच आहे, फक्त माणसं बदलली. जाहिरातीत ही गोष्ट कोण सांगणार?

निदान आजही मुलाचं वागणं बघूनच होतं. शंका असेल तर एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली फोनवर फुकट मिळते, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. त्यावरून निदान होत नाही, बालरोगतज्ज्ञांकडे जायचं की नाही एवढं कळतं. तिच्यातला पहिलाच प्रश्न साधारण असा आहे: खोलीतल्या एखाद्या वस्तूकडे तुम्ही बोट दाखवलं, तर मूल तिकडे बघतं का?