धावत्याचे छायाचित्र

दौडणाऱ्या घोड्याचे चित्र काढावयाचे म्हटले की जुन्या चित्रकारांपुढे एक पेच उभा राहत असे. घोड्याचे चारही पाय एका क्षणी नेमके कोठे असतात, हे डोळ्यांना दिसतच नाही. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने 1821 साली एप्सम येथील शर्यतीचे चित्र रंगविले. त्यातील घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून जणू हवेत पोहत आहेत. पुढे 1878 साली अमेरिकेत एडवर्ड माय्ब्रिज याने धावपट्टीच्या कडेने कॅमेऱ्यांची रांग मांडली, दौडत्या घोड्याची क्रमाने छायाचित्रे घेतली आणि असा घोडा जगात धावत नाही हे दाखवून दिले. त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न मिटला. परंतु 1911 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संभाषणांत रोदँ या थोर शिल्पकाराने जेरिकोचीच बाजू घेतली. काळ कधी थांबत नाही. तो थांबलेला दाखविणारे छायाचित्रच खोटे, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता.

श्रोतेहो, आज मी ज्या युक्तीविषयी बोलणार आहे तिने हा वाद बराचसा निकालात काढला, असे मला वाटते. तिला पॅनिंग म्हणतात. पॅनोरमा या शब्दाचा हा तुकडा चलच्चित्रांच्या धंद्यातून आला. धावत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवीत राहावयाचे आणि फिरवता फिरवताच, शटर थोडे अधिक वेळ उघडे ठेवून, छायाचित्र घ्यावयाचे, एवढाच तिचा अर्थ. वस्तू स्पष्ट उमटते आणि मागची झाडे, भिंती, माणसे आडव्या रेघांत विरघळून जातात. वेग दिसतो तो त्या रेघांमुळे.

बंगळूरला या विद्येचा अभ्यास करण्यास फार दूर जावे लागत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये तर तुळुनाडच्या किनाऱ्यावरचा कंबळ हा खेळ प्रथमच या शहरात, पॅलेस ग्राउंड्सवर, भरविण्यात आला. पाण्याने भरलेल्या चिखलाच्या लांब पट्टीतून रेड्यांची जोडी आणि तिच्यामागे एक माणूस, असा तो धावण्याचा खेळ. त्याच वर्षी 18 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यतीबरोबर कंबळालाही परवानगी देणारे कायदे वैध ठरविले होते. या खेळांविषयी लोकांत दोन मते आहेत, आणि ती असणे स्वाभाविक आहे. आपल्याला येथे काम आहे ते वेगाशी.

तो वेग केवढा असतो? 2020 साली ऐकळ येथील कंबळात एका धावकाने आपल्या जोडीबरोबर 142.5 मीटर अंतर 13.62 सेकंदांत कापल्याची नोंद देशभर गाजली. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर. आता आपण पट्टीपासून वीस मीटरांवर उभे आहोत आणि जोडी आपल्या अगदी समोरून जात आहे असे समजा. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी आपल्याला सेकंदाला तीस अंशांच्या गतीने वळावे लागेल. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात कॅमेरा एक अंश फिरतो. एक अंश म्हणजे काहीच नव्हे, असे कोणी म्हणेल. पण 200 मिलिमीटरचे भिंग लावले असेल, तर त्या एका अंशाने 36 मिलिमीटर रुंदीच्या चौकटीवर मागचे दृश्य साडेतीन मिलिमीटर सरकते. चौकटीच्या जवळजवळ दहाव्या हिश्शाएवढा पट्टा पुसला जातो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले तर हीच सरक एक दशांश मिलिमीटर होते. मग प्रेक्षकाच्या सदऱ्याची बटणेदेखील मोजता येतात आणि रेडे चिखलात रुतून बसल्यासारखे दिसतात.

नवशिक्याला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब झपाट्याने पळतात आणि दूरचे डोंगर जागचे हलत नाहीत. पॅनिंगमध्ये तसे होत नाही. कॅमेरा जागच्या जागी फिरत असल्यामुळे जवळचे कुंपण आणि दूरचा वृक्ष सारख्याच प्रमाणात पुसले जातात. मग पार्श्वभूमी कशी निवडावयाची? तर अंतरावरून नव्हे, रंगावरून आणि उजेडावरून. पानांतून झिरपणारा प्रकाश, रंगीत पाट्या, गर्दीतील पागोटी आणि छत्र्या यांच्या सुरेख रेघा होतात. कोऱ्या भिंतीची रेघ होत नाही. येलहंका येथे 1996 पासून एक वर्षाआड भरणाऱ्या विमानांच्या प्रदर्शनात हौशी मंडळी निळ्या आकाशातील विमानांवर मनगट दुखेपर्यंत कॅमेरा फिरवितात. पण आकाशाला पुसून जाण्यासारखे काही नसतेच. तेथे या युक्तीचे चीज होते ते विमान धावपट्टीवरून सुटताना किंवा उतरताना, मागे झाडांची ओळ असेल तेव्हा.

आता नेमका क्षण. वस्तू दूर असते तेव्हा आपल्याला सावकाश वळावे लागते. जवळ येईल तसा वळण्याचा वेग वाढतो. पंचेचाळीस अंशांच्या कोनात ती असताना जो वेग लागतो त्याच्या बरोबर दुप्पट वेग ती अगदी समोर आल्यावर लागतो. यावरून समोरचा क्षण सर्वांत अवघड असावा असे वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. त्या क्षणी वेग सर्वांत अधिक असतो, पण त्याचे वाढणे थांबलेले असते आणि घटणे अजून सुरू झालेले नसते. हाताला केवळ एकसारखे वळावयाचे असते, आणि माणसाच्या हाताला वेगापेक्षा वेगातील बदलच जड जातो. शिवाय जनावराचे डोके आणि शेपूट त्याच वेळी आपल्यापासून जवळपास सारख्या अंतरावर असतात, म्हणून सबंध देह स्पष्ट येण्याचा संभव तेव्हाच अधिक. तिरप्या कोनातून घेतलेल्या चित्रात तोंड स्पष्ट येते आणि मागचे पुठ्ठे फिसकटतात. आणि जो सरळ आपल्यावरच चालून येत आहे त्याच्यासाठी वळावयाचे तरी कोठे? कंबळाची जी चित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतो ती बहुधा अशी समोरून घेतलेली, पाण्याचे तुषार गोठविलेली असतात. ती देखणी असतात. पण तो निराळा प्रकार झाला.

हे सारे गणित समजण्यास अर्धा तास पुरतो. देहाला ते शिकविण्यास महिने लागतात. चित्र जेथे घ्यावयाचे त्या दिशेला पावले घट्ट रोवावीत, मग पावले न हलविता कमरेतून येणाऱ्या वस्तूकडे वळावे, आणि ती जवळ येईल तसा कमरेचा पीळ उलगडत जावा. कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत. फिरावयाचे ते कमरेने. हातांनी फिरवू पाहिले की कॅमेरा वरखाली हिंदकळतो, आणि आडवी रेघ डोळा आनंदाने मान्य करीत असला तरी उभा हिसका त्याला खपत नाही. बटण दाबताना वळणे थांबवू नये, दाबल्यानंतरही थांबवू नये. चेंडूला बॅट लागल्यावर फलंदाज ती मध्येच रोखून धरीत नाही, तसेच हे. आरशाच्या कॅमेऱ्यात तर शटर उघडे असताना दृश्य क्षणभर काळोखे होते. त्या काळोखातून आंधळेपणाने पुढे वळत राहण्याचे धैर्यच येथे कसास लागते.

शटरच्या वेगाचा एकच एक नियम सांगता येत नाही. चालणाऱ्या माणसाला सेकंदाचा दहावा-पंधरावा भाग, सायकलीला तिसावा, मोटारीला साठावा, ही आपली सुरुवात. दुपारच्या उन्हात मात्र एवढा वेळ शटर उघडे ठेवणे कठीण. आयएसओ 100 एवढ्या संवेदनक्षमतेलाही एफ 16 छिद्राशी सेकंदाचा शंभरावा भाग पुरा होतो; तिसाव्या भागावर यावयाचे तर छिद्र एफ 22 पेक्षाही बारीक हवे, आणि फार बारीक छिद्राने चित्राची धार जाते. भिंगापुढे प्रकाश अडविणारी करडी काच लावावी, नाहीतर सकाळ-संध्याकाळ गाठावी. कब्बन पार्कातील रस्ते रविवारी सकाळी मोटारींना बंद असतात. सायकलींवरची मुले, मागे बांबूची बेटे आणि कोवळे ऊन, याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. शहरातील वाहत्या रस्त्याच्या कडेला उभे राहण्यापेक्षा ती निर्धोकही आहे.

यश किती येते? माझ्या अनुभवाने, शंभरातून चार-पाच चित्रे ठेवण्याजोगी निघाली तर दिवस चांगला गेला म्हणावे. छत्तीस चित्रांच्या रिळाच्या काळात हा हिशेब परवडणारा नव्हता. संडूरचे मुरारराव घोरपडे राज्याचे अर्थखाते सांभाळून रानात कॅमेरा घेऊन हिंडत, त्या पिढीला प्रत्येक बटणामागे खर्च होता. आजचा कॅमेरा सेकंदाला वीस-वीस चित्रे घेतो, जनावराचा डोळा स्वतः शोधून त्यावर नजर ठेवतो, आणि काही भिंगांत केवळ उभा हिसका शोषून घेणारी खास सोयही असते. हे सारे साहाय्य अवश्य घ्यावे. मात्र यंत्राला मोकळे सोडले की ते हटकून सेकंदाचा हजारावा भाग निवडते, कारण अस्पष्टता हा त्याच्या लेखी दोष आहे. शटर सावकाश करावयाचे आणि शंभरातील पंचाण्णव चित्रे गमावावयाची, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. हेलिकॉप्टरचे उदाहरण पाहा. त्याचे पंख मिनिटाला तीनशे फेरे घेत असतील तर सेकंदाच्या साठाव्या भागात ते तीस अंश फिरतात आणि त्यांचा धूसर पंखा चित्रात उमटतो. दोन हजाराव्या भागात ते एक अंशही फिरत नाहीत, आणि ते अवजड यंत्र दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध चित्र, गंमत अशी की, काटेकोरपणे पाहता फसलेले आहे. झाक आँरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने 1912-13 च्या सुमारास शर्यतीची एक मोटार टिपली. कॅमेरा तो फिरवीत होता, पण मोटारीपेक्षा किंचित सावकाश. त्याच्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे काचेसमोरून सरकणारी एक फट होती. ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाईतो मोटार पुढे निसटली. त्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले, आणि कडेचे प्रेक्षक उलट्या बाजूला कलले. 1963 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन झाल्यावर जगाने या मोटारीकडे पाहिले, आणि वेग म्हणजे हाच असे ठरवून टाकले. ती सरकती फट आज आपल्या खिशातही आहे. भ्रमणध्वनीतील इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, म्हणून त्याने घेतलेल्या चित्रांत हेलिकॉप्टरचे पंख कोयत्यासारखे वाकलेले दिसतात, आणि पॅनिंग करताना मागचे विजेचे खांब तिरपे पडतात. ते नको असतील तर, कॅमेऱ्यात सोय असल्यास, यांत्रिक शटर निवडावे.