गादीचा वारस कोण?

साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला तुम्ही पाहिला आहे का? या किल्ल्याच्या पायथ्याशी मराठ्यांची राजधानी होती. राजा वारला की त्याचा मुलगा गादीवर बसतो, असे आपण गोष्टींत वाचतो. पण हाच खरा वारस, हे ठरवायचे कोणी? साताऱ्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला.

शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र. १६८९ साली रायगड पडला, तेव्हा लहानग्या शाहूंना आई येसूबाईंसह मोगलांनी कैद केले. छावणीत औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा बेगम हिने त्यांच्यावर माया केली. बादशहाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहूंची सुटका झाली. त्या वेळी त्यांच्या चुलती ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या. हा शाहू नव्हे, तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले. तोतया म्हणजे दुसऱ्याचे नाव सांगून फसवणारा माणूस. सात वर्षांचा गेलेला मुलगा पंचविशीत परत आला, तर त्याला ओळखणार कसे? सेनापती धनाजी जाधव यांची मात्र खात्री पटली. ते शाहूंना मिळाले. खेडच्या लढाईत शाहू जिंकले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला.

शाहू महाराजांना मुलगा नव्हता. तेव्हा ताराबाईंनीच सांगितले, की माझा एक नातू आहे, त्याला मी गुप्तपणे वाढवले आहे. हाच रामराजा. डिसेंबर १७४९ मध्ये महाराज वारले आणि रामराजाला साताऱ्यास आणले. पण तो खरा भोसला कशावरून? कोरिया देशातील एका जुन्या कथेत यूरी नावाचा राजपुत्र तुटक्या तलवारीचा तुकडा घेऊन बापाकडे जातो. बापाजवळच्या तुकड्याशी तो जुळतो आणि यूरी वारस ठरतो. साताऱ्यात तलवार नव्हती. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी अट घातली, की ताराबाईंनी जातभाईंसमोर रामराजाबरोबर जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू आहे असे सांगावे.

पुढे रामराजा ताराबाईंचे ऐकेना. त्यांनी त्याला किल्ल्यात कैद केले, आणि १७५२ साली जेजुरीला शपथ घेतली, की हा माझा नातू नाही! दोन्ही शपथा खऱ्या असणे शक्य नाही. गंमत अशी, की पेशव्यांनी तरीही रामराजालाच छत्रपती मानले. पेशव्यांना नावापुरता राजा पुरेसा होता, असे मला वाटते.

पुढे मुलगा नसेल, तर दत्तक घेण्याची रीत उपयोगी पडली. उर्दूत ज्याला मुतबन्ना म्हणतात, तोच दत्तक मुलगा. रामराजाचा वारसही दत्तकच होता. पण आता न्याय करणारे बदलले. १८१९ साली इंग्रजांच्या कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि राज्य त्यांच्याकडे व त्यांच्या वारसांकडे राहील असे लिहून दिले. १८३९ साली कंपनीनेच त्यांना पदच्युत करून काशीस पाठवले आणि त्यांचे भाऊ शहाजी यांना गादी दिली. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी वारले. मृत्यूपूर्वी काही तासच त्यांनी व्यंकोजी नावाचा मुलगा दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. परंतु गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी ते मानले नाही. दत्तकाला राजाची खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही, असे ठरले. सातारा खालसा झाला. तहात 'वारस' शब्द होता. त्याचा अर्थ सांगणारी मात्र कंपनीच होती. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. त्यांना न्याय मिळाला नाही.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांचे धोरण बदलले. दत्तक मान्य करण्याच्या सनदा संस्थानिकांना मिळाल्या. शेजारच्या सांगलीत १९०१ साली धुंडिराज पटवर्धन वारले, तेव्हा त्यांना वारस नव्हता. संस्थान मात्र खालसा झाले नाही. इंग्रज सरकारने स्वतःच एक मुलगा निवडला आणि १९०३ साली तो दत्तक गेला. हेच चिंतामणराव आप्पासाहेब. १९१० साली त्यांच्या हाती कारभार आला आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत तेच सांगलीचे राजे होते.