आलेपाकाची पन्नास वर्षं

दिवाळीचा फराळ संपत येतो, घराघरांत खोकल्याची उबळ ऐकू येऊ लागते आणि त्याच सुमारास बाजारात पातळ सालीचं नवं आलं दिसतं. आलेपाकाचा हंगाम तो हाच. एप्रिल-मेमध्ये लावलेलं आलं पाच-सहा महिन्यांत भरतं, पण त्यात दोरे झालेले नसतात. आठ-नऊ महिन्यांचं झालं की ते सुंठीच्या कामाचं.

सत्तरच्या दशकात अडचण आल्याची नव्हती, साखरेची होती. रेशनवरची साखर माणशी मोजून मिळायची आणि खुल्या बाजारातली परवडायची नाही. वाटलेल्या आल्याच्या दुप्पट साखर हे वड्यांचं ठरलेलं माप, त्यामुळे घाणा लहानच निघायचा. बरणी वरच्या फळीवर आणि मुलांच्या वाट्याला अर्धी वडी, तीही खोकला असेल तरच. १९७८ साली साखरेवरचं नियंत्रण उठलं, भाव उतरले, पण पुढच्याच वर्षी नियंत्रण परत आलं. घरातल्या बाईनं हात राखून साखर घालायची सवय काही सोडली नाही.

कृती मात्र तेव्हापासून फारशी हललेली नाही. आलं चमच्याच्या कडेनं खरवडायचं, आडव्या चकत्या करायच्या म्हणजे दोरे तुटतात, मग वाटायचं. साय किंवा दूध घालायचं तर आलं साखरेबरोबर चांगलं शिजल्यावर. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्यानं दूध फाटतं. उकळीनं त्याचा जोर संपतो. तिखटपणाही शिजताना थोडा मवाळ होतो. गोळा कढईची कड सोडू लागला आणि कडेला साखर पांढरी दिसू लागली की लगेच तूप लावलेल्या ताटात. जरा रेंगाळलं तर वड्यांऐवजी भुगा हाती येतो.

पुढे साखर सुटी मिळू लागली, पाट्याची जागा मिक्सरनं घेतली आणि आलेपाक औषधाच्या फळीवरून खाऊच्या डब्यात उतरला. एसटी स्टँडवर, लोकलच्या डब्यात तो पुड्यांतून विकला जाई. घाटात मळमळणाऱ्यांना त्याचा मोठा आधार. नंतर आवळा कँडीच्या पाठोपाठ आल्याची कँडी आली. बचत गटांच्या स्टॉलवर आज वडीपेक्षा तीच जास्त दिसते. तिची रीत मुरंब्याच्या जवळची: चकत्या मऊ होईतो उकडायच्या, पातळ पाकात टाकायच्या आणि पाक टप्प्याटप्प्यानं घट्ट करत न्यायचा. एकदम दाट पाकात टाकल्या तर आतलं पाणी झपाट्यानं बाहेर येतं आणि चकत्या आकसून चामट होतात. निथळून साखरेत घोळवल्यावर जो पाक उरतो, तो चहात घालावा.

२०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या काढ्यात सुंठ होती. त्या वर्षी आलं पुन्हा औषधाच्या फळीवर गेलं. २०२३ मध्ये त्याचे भाव असे भडकले की, साखरेमुळे नव्हे, तर आलं महाग म्हणून वड्या राहिल्या. पण या काळातला खरा बदल साखरेकडे बघण्याचा आहे. घरोघरी मधुमेह आहे, म्हणून साखर निम्मी करतात किंवा गूळ घालतात. चव छान येते. मात्र गूळ हवेतला ओलावा ओढतो, वडी चिकटते. आणि निम्म्या साखरेची वडी मऊ राहते, लवकर बुरसते. साखर गोडीइतकीच टिकवण्यासाठीही होती, हे तेव्हा कळतं.

म्हणजे रेशनच्या काळात साखर मिळत नव्हती म्हणून घाणा लहान आणि आता साखर नको म्हणून लहान. कारणं उलटी, माप तेच. माझ्या मते ते बरंच आहे. आलेपाक मूठभर करावा, महिनाभरात संपवावा आणि कोवळं आलं बाजारात आहे तोवर पुन्हा करावा. साखर कमी करण्यापेक्षा वडी लहान कापणं शहाणपणाचं. खोकल्याला तेवढी पुरते.