चारी चाकांची गाडी

आमच्या गावापासून दोन कोसांवर डोंगरात एक वाडी आहे. चाळीस उंबऱ्यांची. तिथे जायला डांबरी सडक नाही. पाऊस लागला, की कच्च्या वाटेचा चिखल होतो. मग आजारी माणसाला डोलीत घालून, खांद्यावरून दवाखान्यात न्यावं लागतं.

वाडीच्या मंडळींनी ठरवलं, आपण सर्वांनी मिळून एक गाडी घ्यायची. घरटी पैसे काढले. दलालाने एक जुनी जीप दाखवली. तिला नवा लाल रंग होता. पुढे लोखंडी दांड्यांचा कठडा होता. टपावर चार मोठे दिवे होते. दलाल म्हणाला, "जीप आहे ही. भिंतीवरसुद्धा चढेल!" मंडळी खूश झाली. पैसे मोजले.

आषाढातल्या एका रात्री वाडीतली एक बाई अडली. तिला गाडीत घातलं. ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी रुतली. मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरू लागलं. पुढची चाकं नुसती उभी. लोकांनी ढकलून पाहिलं, दगड लावून पाहिले. शेवटी पुन्हा डोलीच काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत उजाडलं. बाई आणि बाळ दोघंही वाचली, हे नशीब.

मिस्त्रीने गाडी खालून पाहिली. तो म्हणाला, "आबा, इंजिनाकडून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडाच कुणी तरी काढून टाकलाय. ही दिसते जीप, पण चालते मागच्या दोन चाकांवर."

वाडीची फसगत झाली, तशी दुसऱ्या कुणाची होऊ नये. म्हणून ही माहिती.

चारी चाकांनी काय होतं?

पावसात निसरडी दरड चढताना आपण काय करतो? दोन्ही हात खाली टेकतो. अंगातली ताकद तीच असते. पण आता पकड चार ठिकाणी असते. म्हणून पाय घसरत नाही.

गाडीचंही तसंच आहे. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन चाकं नुसती मागे किंवा पुढे घरंगळतात. चारी चाकांच्या गाडीत ती ताकद चौघांत वाटली जाते. तिला 'फोर बाय फोर' म्हणतात.

जीप ही अशीच गाडी. १९४१ साली, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतल्या विलिज कंपनीने ती लष्करासाठी मोठ्या संख्येने बनवायला घेतली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. गटविकास साहेबांची जीप धुरळा उडवत गावात येई, ती जुन्या माणसांना आठवत असेल.

एकच चाक का फिरतं?

खळ्यावरची मळणी आठवा. तिवड्याजवळचा बैल थोडं चालतो. कडेचा बैल जास्त चालतो. वळणावर गाडीच्या चाकांचंही असंच होतं. आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त फिरतं. तसं फिरता यावं म्हणून आसाच्या मध्ये दातेरी चाकांची एक पेटी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात.

या पेटीत एक खोड आहे. एक चाक चिखलात किंवा हवेत गेलं, की सगळी फिरकी त्यालाच मिळते. कोरड्या जमिनीवरचं चाक मात्र उभंच राहतं. म्हणून काही गाड्यांत या पेटीला कुलूप असतं. त्याला डिफ-लॉक म्हणतात. ते लावलं, की दोन्ही चाकं बरोबर फिरतात आणि गाडी सुटते. सुटल्यावर ते लगेच काढावं. नाहीतर गाडी नीट वळत नाही.

गाडी कशी पारखावी?

रंग पाहू नका. दिवे पाहू नका. गियरच्या दांडीशेजारी दुसरी दांडी किंवा फिरवायचं बटण आहे का, ते पाहा. त्यावर बहुधा तीन खुणा असतात. दोन-एच म्हणजे दोन चाकं. चार-एच म्हणजे चारी चाकं. चार-एल म्हणजे चारी चाकं, पण चाल अगदी हळू. चार-एलमध्ये चाकांची गती जवळजवळ अडीच पट कमी होते आणि जोर तितकाच वाढतो. अवघड चढाला आणि उताराला हीच चाल कामाची.

नुसत्या नावावर जाऊ नका. महिंद्र थार ही गाडी २०२३ सालापासून दोन्ही प्रकारांत मिळते, चारी चाकांची आणि मागच्या दोन चाकांची. बाहेरून दोन्ही बहिणी-बहिणी दिसतात. गावोगाव दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो दोन चाकांवरच चालतात. जुनी मारुती जिप्सी चारी चाकांची असते, पण नवी जिप्सी आता बाजारात मिळत नाही.

जुनी गाडी घेताना मिस्त्रीला सोबत न्या. गाडीखाली वाकून दोन्ही दांडे पाहा, पुढचा आणि मागचा. मग चिखलात चालवून पाहा. टायरवरचे आकडेही वाचा. एका लांबट चौकटीत इंग्रजीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. २३१९ असेल, तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वाचता येतं, ते अशा वेळी उपयोगी पडतं.

गाडीला काय जोडावं?

पैसे थोडे असतील, तर आधी टायर चांगले घ्या. आपली काळी माती ओली झाली, की टायरच्या खाचांत लिंपून बसते. टायर गुळगुळीत होतो. म्हणून चिखलासाठी रुंद आणि खोल खाचांचा टायर घ्यावा. माप मात्र गाडी बनवणाऱ्याने सांगितलेलंच हवं.

दुसरी गोष्ट, हवा मोजायचं यंत्र आणि हवा भरायचा पंप. एरवी टायरमध्ये तीस पौंडांच्या आसपास हवा असते. मऊ वाळूत ती अठरा पौंडांपर्यंत कमी करतात. टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि रुतत नाही. तेव्हा गाडी सावकाश चालवावी. पक्क्या रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरावी.

तिसरी गोष्ट, ओढायचा मजबूत दोर. गाडीच्या सांगाड्याला पुढे-मागे पक्के आकडे हवेत. दोर बंपरला बांधू नये. ओढताना पोराबाळांना लांब उभं करावं. दोर तुटला, तर चाबकासारखा येतो.

काय करू नये?

पुढे लोखंडी कठडा लावू नका. टक्कर झाली, तर पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते. सरकारने २०१७ साली या कठड्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. गाडी फार उंच करू नका. उंच गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते. मोटार कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीच्या पुस्तकात आहे त्याहून गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. म्हणून बदल करण्याआधी आरटीओच्या कचेरीत विचारा.

कोरड्या डांबरी सडकेवर जीपसारखी गाडी चार-एचमध्ये चालवू नका. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होते. टायर झिजतात, दाते बिघडतात.

आणखी एक गोष्ट. चार चाकं गाडीला पुढे नेतात. पण थांबायला प्रत्येक गाडीला चारच ब्रेक असतात. चारी चाकांची गाडी लवकर थांबते, हा समज खोटा आहे.

आणि वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. दोन फूट वाहतं पाणी जीपलासुद्धा वाहून नेतं. इंजिनात पाणी शिरलं, तर ते दाबलं जात नाही. आतले दांडे वाकतात आणि इंजिन कायमचं बसतं.

वाडीने काय केलं?

मंडळींनी टपावरचे दिवे आणि पुढचा कठडा काढून विकला. त्या पैशांत थोडी भर घातली. पुढचा दांडा बसवला, चांगले टायर घेतले, दोर घेतला. दोन तरुण पोरांनी गाडी शिकून घेतली. पुढच्या पावसाळ्यात गाडी त्या चढावरून सुखरूप गेली.

देवळात डोली मात्र अजून टांगलेली आहे. कुणी तरी म्हणालं, "आता ती कशाला? चुलीत घाला."

आबा म्हणाले, "राहू दे. ओढ्याला पूर आला, की गाडी अलीकडे थांबवायची. मग वरच्या साकवावरून डोलीच जायची."