‘वस्ताद’ शब्दाचे दोन अर्थ

फारसी ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला आणि त्यास दोन अर्थ लाभले : तालमीतील गुरू व अनुभवाने पक्का झालेला मनुष्य. शस्त्रविद्येच्या शिक्षकास प्रत्यक्ष लढाईचा अनुभव आवश्यक आहे काय, हा प्रश्न याच द्व्यर्थातून उद्भवतो. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत उतरलेल्या लहुजी साळवे यांच्या ठायी दोन्ही अर्थ एकवटले. जोतीराव फुले त्यांच्यापाशी दांडपट्टा शिकले. उलट, कळंब ज्या वऱ्हाडात मोडते त्याच वऱ्हाडात, अमरावतीस, १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने रणाविना, अभ्यासक्रम आखून शिक्षक घडविले. लढाई धोका ओळखावयास शिकविते. शिकवावे कसे, हे शिकवीत नाही. सबब शिक्षकास रणाचा नव्हे, तर प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी झुंजण्याचा अनुभव अवश्य होय.