वॉशिंग्टनचा संघ, टेक्ससचं मैदान

२०२४ च्या जुलैत वॉशिंग्टन फ्रीडम हा संघ अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटचा विजेता झाला. त्या मोसमातला एकही सामना वॉशिंग्टनमध्ये झाला नाही. आदल्या वर्षी झाला नव्हता आणि पुढच्या वर्षीही झाला नाही. राजधानीचं नाव छातीवर मिरवणारा हा संघ खेळला तो तिथून सुमारे १९०० किलोमीटरवर, टेक्ससमध्ये डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीला आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला.

नाशिककरांना यात नवल वाटायचं कारण नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा ‘ईगल नाशिक टायटन्स’ मैदानात उतरले ते गहुंज्याला, पुण्याजवळ. रत्नागिरी, सोलापूर, कोल्हापूर, संभाजीनगर यांच्या संघांचीही तीच तऱ्हा. आपलं गोल्फ क्लब मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, रणजी सामन्यांची वाट बघतं. कधी तो मान मिळतो आणि मग भर कामाच्या दिवशी सकाळपासून कठड्याला गर्दी होते. शहराच्या नावाने निघालेला संघ मात्र दूरचित्रवाणीवरच बघायचा. तेव्हा गाव एकीकडे आणि मैदान दुसरीकडे, अशा संघाला नक्की कशाच्या जोरावर ‘आपला’ म्हणायचं, हा प्रश्न आपल्याला परका नाही. वॉशिंग्टन फ्रीडमच्या बाबतीत त्याचं उत्तर मालाडच्या एका डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजापाशी सापडतं. पण आधी संघाबद्दल.

मेजर लीग क्रिकेटचा पहिला चेंडू १३ जुलै २०२३ रोजी ग्रँड प्रेअरीला पडला. ते मैदान मूळचं बेसबॉलचं. एअरहॉग्ज नावाचा एक दुय्यम दर्जाचा बेसबॉल संघ तिथे खेळायचा. तो गेल्यावर मैदान रिकामं पडलं आणि क्रिकेटवाल्यांनी ते घेऊन तिथे खेळपट्ट्या टाकल्या. लीगमध्ये सहा संघ. त्यातल्या न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि टेक्सस या तिघांमागे आपल्याच मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या आयपीएल फ्रँचायझी. सिएटलच्या गुंतवणूकदारांत मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला. वॉशिंग्टनचे मालक संजय गोविल हे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातले उद्योजक. त्यांनी आयपीएलच्या दारात न जाता ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या क्रिकेट संघटनेशी हातमिळवणी केली, म्हणून या संघाचा तोंडवळा पहिल्यापासून ऑस्ट्रेलियन राहिला. पहिल्या वर्षी ग्रेग शिपर्ड प्रशिक्षक आणि मोझेस हेन्रिक्स कर्णधार होते. बाद फेरीत न्यूयॉर्ककडून हरून तो मोसम संपला.

दुसऱ्या वर्षी रिकी पाँटिंग प्रशिक्षक म्हणून आला आणि त्याच्यामागोमाग स्टीव्ह स्मिथ, ट्रॅव्हिस हेड, ग्लेन मॅक्सवेल. शिवाय दक्षिण आफ्रिकेचा मार्को यान्सन, न्यूझीलंडचा रचिन रवींद्र. यादी अशी की एखाद्या देशाने हेवा करावा. मात्र लीगच्या नियमाप्रमाणे अंतिम अकरांत परदेशी खेळाडू जास्तीत जास्त सहा. उरलेले पाच अमेरिकेचे हवेत. सहा जण विकत आणता येतात, पाच जण घरातून उभे करावे लागतात. माझ्या मते या लीगमध्ये संघाची खरी परीक्षा त्या पाचांत होते. पाहुणे सगळ्यांकडेच तगडे असतात.

सौरभ नेत्रवलकर या पाचांतला.

त्याची गोष्ट जून २०२४ नंतर आपल्याकडे घरोघरी सांगून झाली आहे, तरी काही तपशील पुन्हा मांडण्यासारखे आहेत. जन्म १९९१ चा, मुंबईचा. २०१० मध्ये न्यूझीलंडला १९ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट यांच्याबरोबर तो भारताकडून खेळला आणि स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक बळी त्याचे होते. पाकिस्तानच्या ज्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत भारताला घरी पाठवलं, त्यात बाबर आझम होता. २०१३ मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण झालं आणि रणजीचं तेवढंच. झहीर खान, धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर यांच्या मागे रांगेत उभं राहायचं म्हणजे किती वर्षं, याचा हिशेब कोणताही इंजिनिअर करू शकतो. हा तर अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून संगणक अभियांत्रिकी शिकलेला. शिकत असतानाच त्याने क्रिकेटच्या आकडेवारीचं विश्लेषण करणारं ‘क्रिकडिकोड’ नावाचं ॲप तयार केलं होतं. २०१५ मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला गेला आणि पुढच्या वर्षी ओरॅकलमध्ये लागला.

मध्यमवर्गीय मराठी घरात या वळणावर गोष्ट सुखान्त मानून संपवतात. मुलगा शिकला, अमेरिकेत गेला, चांगल्या कंपनीत लागला. खेळ म्हणजे कपाटातल्या ट्रॉफ्या. नेत्रवलकरने मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहून पुन्हा चेंडू हातात घेतला. तिथे बहुतेक सामने चटईच्या खेळपट्टीवर व्हायचे. बऱ्यापैकी टर्फ हवी तर लॉस एंजेलिस गाठायचं. शुक्रवारी काम आटोपून पाच-सहा तास गाडी हाकायची, शनिवारी खेळायचं आणि परत फिरायचं. हे आठवड्याच्या सुट्टीतलं क्रिकेट त्याला कुठवर नेईल, याचा अंदाज तेव्हा कुणी बांधला असेल असं वाटत नाही. आयसीसीने दुसऱ्या देशाकडून खेळण्यासाठीची वास्तव्याची अट तीन वर्षांवर आणली आणि त्याची वाट मोकळी झाली. २०१८ मध्ये तो अमेरिकेचा कर्णधार झाला. २०१९ मध्ये नामिबियातल्या स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकेने एकदिवसीय सामन्यांचा दर्जा मिळवला.

म्हणजे फ्रीडमने त्याला घेतलं तेव्हा तो नवखा नव्हता. फक्त जगाला माहीत नव्हता. लीगच्या पहिल्याच मोसमात, २२ जुलै २०२३ रोजी मॉरिसव्हिलला, त्याने सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सचे ६ गडी ९ धावांत बाद केले. ते आकडे आजही कुठल्याही टी-२० स्पर्धेत डोळ्यांत भरतील असेच आहेत. पण ती बातमी आपल्या वर्तमानपत्रांत खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात गेली. अमेरिकेतलं क्रिकेट म्हटलं की आपल्याकडे तेव्हा कौतुकापेक्षा गंमतच जास्त होती. वास्तविक तिथला खेळ जुना. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कला, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. फिलाडेल्फियाच्या बार्ट किंगने विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या फलंदाजांना त्यांच्याच मैदानांवर नाचवलं. मग बेसबॉलने सगळं झाकलं.

गंमत थांबली ती ६ जून २०२४ ला. ग्रँड प्रेअरीच्या त्याच मैदानावर, टी-२० विश्वचषकात, अमेरिका आणि पाकिस्तान यांचा सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेच्या १८ धावा झाल्या. त्या राखायला चेंडू नेत्रवलकरच्या हाती आला. त्याने १३ च दिल्या. समोरच्या संघाचा कर्णधार बाबर आझम, चौदा वर्षांपूर्वीचा. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताविरुद्ध त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर यष्टिरक्षक अँड्रिस गौसकडे झेल द्यायला लावला आणि पुढच्या षटकात रोहित शर्मालाही परत पाठवलं. त्याच डावात सूर्यकुमार यादवचा झेल त्याच्याच हातून सुटला. सूर्यकुमारने नाबाद ५० करून सामना भारताकडे नेला. झेल सुटायलाही जुना मुंबईकर सोबतीच सापडावा. सामने संपले की हा माणूस हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून ओरॅकलचं काम करतो, हे त्याच्या बहिणीने सांगितलं आणि ते वाक्य देशभर फिरलं.

ते वाक्य आपल्याला एवढं का आवडलं, याबद्दल माझ्या मनात थोडी शंका आहे. क्रिकेटपेक्षा त्या लॅपटॉपचंच आपण जास्त कौतुक केलं. नोकरी न सोडता यश मिळालं की आपल्याला हायसं वाटतं. पण एका मोठ्या संगणक कंपनीने रजा आणि घरून काम या दोन्ही सवलती दिल्या म्हणून हे जमलं. अमेरिकेच्या संघातल्या प्रत्येकाला असा मालक मिळतोच असं नाही. लीगचा मोबदला आणि मंडळाचा करार यांत वर्ष काढता येईल इतकं व्यावसायिक क्रिकेट तिथे अजून झालेलं नाही, हा त्या लॅपटॉपचा कमी गोड अर्थ.

५ जुलैला लीगचा दुसरा मोसम सुरू झाला. विश्वचषक संपून आठवडाही झाला नव्हता. सगळा मिळून २५ सामन्यांचा खेळ, २८ जुलैला संपणार. एवढ्याला मोसम म्हणणं मला जड जातं. आपल्याकडे गल्लीतल्या स्पर्धाही पावसाआधी तीन महिने रेंगाळतात. पण या छोट्या मुदतीमुळे एक होतं : फॉर्मात असलेला खेळाडू शेवटपर्यंत फॉर्मात राहू शकतो. ट्रॅव्हिस हेडने लागोपाठ अर्धशतकं ठोकली आणि स्पर्धेचा मानकरी तोच ठरला. नेत्रवलकर विश्वचषकातून जसा आला तसाच गोलंदाजी करत राहिला. त्याचा वेग फारसा नाही. नवा चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत आणायचा, मधूनच तिरका बाहेर काढायचा, आणि शेवटच्या षटकांत वेग आणखी कमी करून फलंदाजाला स्वतःची ताकद वापरायला लावायची. टी-२० मध्ये मध्यमगती गोलंदाज म्हणजे बळीचा बकरा समजतात. त्याने १५ बळी घेतले. संपूर्ण लीगमध्ये त्याच्याहून जास्त कुणाचेच नव्हते. यान्सन, फर्ग्युसन, कमिन्स, रशीद खान अशी नावं असलेल्या लीगमध्ये.

साखळीत फ्रीडम अव्वल राहिले. पहिल्या पात्रता सामन्यात त्यांनी युनिकॉर्न्सना हरवून थेट अंतिम फेरी गाठली आणि तिथे पुन्हा समोर तेच युनिकॉर्न्स आले. डॅलसमधली रविवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. इथे लोक रेनकोट चढवून कामाला निघत होते तेव्हा स्टीव्ह स्मिथ ५२ चेंडूंत ८८ धावा काढत होता. विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियाने त्याला टी-२० च्या संघात घेतलंच नव्हतं. त्या डावात किती राग होता आणि किती हिशेब, ते तोच जाणे. फ्रीडमच्या २० षटकांत ५ बाद २०७ झाल्या. युनिकॉर्न्स १६ षटकांत १११ मध्ये गारद. यान्सन आणि रवींद्र यांनी तीन-तीन बळी घेतले. ९६ धावांचा विजय. अंतिम सामना म्हणून रंगला नाही, हे खरं.

विजेतेपदाची मिरवणूक वॉशिंग्टनमध्ये कुठे काढणार? व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या परिसरात मैदान उभारण्याचा मनसुबा २०२२ मध्ये जाहीर झाला होता, पण संघ अजून भाड्याच्याच मैदानांवर आहे. प्रशासनाचं तर विचारू नका : २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आयसीसीने अमेरिकेच्या क्रिकेट मंडळालाच निलंबित केलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे आणि यजमान देशाच्या मंडळाची ही अवस्था.

तिसऱ्या मोसमात लीग ३४ सामन्यांची झाली, आणि फ्रीडमला पहिल्याच दिवशी दणका बसला. ओकलंडला फिन ॲलनने ५१ चेंडूंत १५१ धावा केल्या. त्यात १९ षटकार होते. टी-२० च्या एका डावात तोवर इतके कुणीच मारले नव्हते. युनिकॉर्न्सनी १२३ धावांनी धुतलं. एखादा संघ तिथेच खचला असता. मॅक्सवेलच्या नेतृत्वाखाली फ्रीडम सावरले, साखळीत वर चढत गेले, पात्रता सामना पावसाने वाहून गेला तेव्हा वरच्या क्रमांकाच्या बळावर अंतिम फेरीत पोचले.

१३ जुलै २०२५, पुन्हा ग्रँड प्रेअरी, समोर न्यूयॉर्क. १८१ चं लक्ष्य. शेवटच्या षटकात १२ हव्या होत्या आणि खेळपट्टीवर मॅक्सवेल आणि ग्लेन फिलिप्स. जगातल्या कुठल्याही मालकाने अशा वेळी पैसे मॅक्सवेलवर लावले असते. न्यूयॉर्कने चेंडू दिला रुशिल उगरकरला. वय बावीस, त्या सक्तीच्या पाच जागांपैकी एकावर संघात आलेला अमेरिकन मुलगा. त्याने मॅक्सवेलला बाद केलं आणि षटकात ६ धावा दिल्या. फ्रीडम ५ धावांनी हरले.